चर्चची सेवा, करदात्यांचा पैसा

अमेरिकेतील मोठ्या शहरांत बेघरांना दुपारचे जेवण देणारे स्वयंपाकघर पुष्कळदा एखाद्या चर्चच्या तळघरात असते. व्यसनमुक्ती केंद्र, निराधार मुलांसाठी पालक कुटुंबे शोधणारी संस्था, निर्वासितांना पहिले घर मिळवून देणारे कार्यालय, तुरुंगातून सुटलेल्याला कामाला लावणारे मंडळ यांच्यामागेही कोणता ना कोणता धर्मपंथ उभा असतो. या कामाला सरकारने पैसा द्यावा काय, दिल्यास कोणत्या अटींवर द्यावा आणि धर्मसंस्था व राज्यसंस्था यांच्यातील सीमारेषा नेमकी कोठे आखावी, हा वाद अमेरिकी प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. अध्यक्षपदाची शपथ घेऊन अवघे नऊ दिवस झाले असताना, २९ जानेवारी २००१ रोजी, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दोन कार्यकारी आदेशांवर सह्या केल्या आणि धार्मिक सेवासंस्थांसाठी खुद्द व्हाइट हाऊसमध्ये स्वतंत्र कार्यालय उघडले. तेव्हापासून हा वाद अमेरिकेच्या राजकारणातून हटलेला नाही.

भारतीय वाचकाला या वादाची तीव्रता काहीशी चमत्कारिक वाटेल. महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी स्थापन केलेल्या अनेक शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नाही. भारतीय राज्यघटनेचे सत्ताविसावे कलम विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती करू देत नाही. मात्र तिसाव्या कलमानुसार शिक्षणसंस्थांना साहाय्य देताना एखादी संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून तिला डावलता येत नाही. सर्व धर्मांशी सारखे अंतर किंवा सारखी जवळीक, ही इथली कल्पना. अमेरिकी विचाराचा आरंभबिंदू निराळा आहे. नागरिकाच्या खिशातून सक्तीने काढलेला पैसा दुसऱ्याच्या धर्माकडे जाऊ नये, हा तो बिंदू.

तीन पेन्सचा प्रश्न

या विचाराचा उगम व्हर्जिनियात आहे. १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी तेथील विधिमंडळात ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या निर्वाहासाठी कर बसवावा असे विधेयक पुढे आणले. विधेयक वरकरणी उदार होते. आपला कर कोणत्या पंथाला जावा हे करदात्यानेच ठरवायचे होते. जेम्स मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध एक निवेदन लिहिले. त्यांचा युक्तिवाद असा की, ज्या सत्तेला एका धर्मसंस्थेसाठी नागरिकाकडून केवळ तीन पेन्स वसूल करण्याचा अधिकार आहे, तीच सत्ता उद्या त्याला त्या धर्मसंस्थेपुढे सर्वस्वी मान तुकवायला लावू शकेल. प्रश्न रकमेचा नव्हता. निवेदनावर सह्या गोळा झाल्या, विधेयक बारगळले आणि १७८६ मध्ये थॉमस जेफरसन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. १७९१ साली अमेरिकी राज्यघटनेला जोडलेल्या पहिल्या दुरुस्तीत याच लढ्याचा अर्क उतरला. काँग्रेसने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये आणि कोणाच्या धर्माचरणात अडथळाही आणू नये, ही तिची दोन अंगे. पुढील सव्वादोनशे वर्षांतला सारा झगडा या दोन अंगांच्या परस्पर ओढाताणीचा आहे.

'धर्म आणि राज्य यांमधील भिंत' हे शब्द घटनेत नाहीत. ते आहेत असा समज मात्र अमेरिकेतही सर्रास आढळतो. जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात ते वापरले. कनेक्टिकटमध्ये त्या वेळी काँग्रिगेशनल चर्चला राजमान्यता होती आणि बॅप्टिस्ट तेथे अल्पसंख्य होते. ही भिंत प्रथम मागितली ती नास्तिकांनी नव्हे. राजाश्रय न लाभलेल्या भाविकांनी. आजच्या वादात हा तपशील दोन्ही बाजू सोयीस्करपणे विसरतात.

मॅडिसन पुढे अध्यक्ष झाले, तेव्हा नेमका आजच्यासारखाच प्रश्न त्यांच्यापुढे आला. वॉशिंग्टन परिसरातील अलेक्झांड्रिया येथील एपिस्कोपल चर्चला कायदेशीर संस्थेचा दर्जा देणारे विधेयक काँग्रेसने संमत केले होते. गरिबांचा सांभाळ आणि गरीब मुलांचे शिक्षण यांचाही त्यात उल्लेख होता. फेब्रुवारी १८११ मध्ये मॅडिसन यांनी ते नकाराधिकार वापरून परत पाठविले. त्यांच्या अनेक आक्षेपांपैकी एक असा, की सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्याचे कायदेशीर साधन म्हणून धर्मसंस्थांना मान्यता देण्याचा पायंडा त्यातून पडेल.

प्रत्यक्ष व्यवहार मात्र इतका सोवळा कधीच राहिला नाही. वॉशिंग्टनमधील प्रॉव्हिडन्स रुग्णालय कॅथॉलिक जोगिणी चालवीत असत. तेथे सरकारी पैशाने इमारत बांधण्यास एका करदात्याने आव्हान दिले, तेव्हा १८९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालय ही कायद्याने नोंदलेली लौकिक संस्था आहे, तिचे चालक कोणत्या पंथाचे आहेत हा मुद्दा गौण आहे, असे सांगून दावा फेटाळला. शाळांच्या बाबतीत हवा निराळी होती. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट वळणाचे बायबलवाचन चाले; कॅथॉलिक स्थलांतरितांनी आपल्या शाळांसाठी पैसा मागताच भिंतीची आठवण निघे. जेम्स ब्लेन यांनी १८७५ मध्ये अशा शाळांना सार्वजनिक निधी नाकारणारी घटनादुरुस्ती मांडली. सिनेटमध्ये तिला दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत, पण तिच्या धर्तीवरील तरतुदी अनेक राज्यांच्या घटनांत शिरल्या. त्यांच्यामागे तत्त्व किती आणि कॅथॉलिकद्वेष किती, यावर न्यायमूर्तींमध्येही अजून मतभेद आहेत.

न्यायालयाची रेघ

सर्वोच्च न्यायालयाने ही भिंत आपल्या निकालांच्या केंद्रस्थानी आणली ती १९४७ मध्ये. न्यू जर्सीतील ईविंग गावात कॅथॉलिक शाळांत जाणाऱ्या मुलांचे बसभाडे पालकांना परत दिले जाई. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालपत्रात भिंतीचा मोठा गौरव केला आणि शेवटी पाच विरुद्ध चार मतांनी बसभाडे देणे घटनेला धरून आहे असा निर्णय दिला. मुलाला रस्त्यावर सुरक्षित ठेवणे हे धर्मकार्य नव्हे, असा त्याचा आशय.

१९७१ मध्ये 'लेमन विरुद्ध कर्टझमन' खटल्यात न्यायालयाने तीन कसोट्या घालून दिल्या. कायद्याचा हेतू लौकिक असावा, त्याचा मुख्य परिणाम धर्माला चालना देणारा वा खच्ची करणारा नसावा, आणि सरकार व धर्म यांची अतिरेकी गुंतवळ होऊ नये. या कसोट्यांवर टीका भरपूर झाली, तरी अनुदानाच्या व्यवहाराला त्यांनी एक वळण लावले. कॅथॉलिक चॅरिटीज, ल्युथरन सेवासंस्था, ज्यू कुटुंबकल्याण संस्था यांनी चर्च वा सिनेगॉगपासून वेगळ्या नोंदणीच्या संस्था उभ्या केल्या, हिशेब वेगळे ठेवले आणि सरकारी कंत्राटे घेतली. अशा मार्गाने फार मोठी रक्कम दशकानुदशके धार्मिक संस्थांच्या हातून गरिबांपर्यंत गेली आणि तिची फारशी वाच्यता झाली नाही. बुश यांनी काही तरी अभूतपूर्व सुरू केले, हे त्यांच्या समर्थकांचे आणि विरोधकांचेही म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे.

खरा बदल १९९६ चा. बिल क्लिंटन यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये सही केलेल्या कल्याणयोजना सुधारणा कायद्यात मिसूरीचे सिनेटर जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी 'चॅरिटेबल चॉइस' नावाची तरतूद घालून घेतली. त्यामुळे धर्मसंस्थेला वेगळे बिऱ्हाड न करता, भिंतीवरचा क्रूस न उतरवता, इतर संस्थांच्या बरोबरीने कंत्राटासाठी अर्ज करता येऊ लागला. सरकारी पैसा पूजा, धर्मशिक्षण वा धर्मप्रसारावर खर्च करायचा नाही, आणि ज्या गरजूला धार्मिक संस्थेकडे जायचे नसेल त्याला दुसरी सोय करून द्यायची, या तिच्या अटी. क्लिंटन यांच्या प्रशासनाने तिच्या अंमलबजावणीत फारसा उत्साह दाखविला नाही. टेक्सासचे तत्कालीन गव्हर्नर बुश यांनी मात्र तिचा पुरेपूर उपयोग केला.

व्हाइट हाऊसमधील कार्यालय

बुश यांनी नव्या कार्यालयाचे प्रमुखपद जॉन डायुलियो या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला दिले. डायुलियो कॅथॉलिक आणि पक्षाने डेमोक्रॅट. शहरांतील कृष्णवर्णीयांच्या लहान चर्चना मदत पोहोचावी ही त्यांची तळमळ होती. पण विरोध अनपेक्षित दिशांनी आला. 'अमेरिकन्स युनायटेड' ही १९४७ पासून फारकतीचा पुरस्कार करणारी संघटना आणि बॅप्टिस्टांचा एक गट विरोधात उभे राहणार हे ठरलेलेच होते. परंतु बुश यांचे पाठीराखे समजले जाणारे दूरचित्रवाणी-धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनीही शंका काढली. सरकारी पैसा सर्वांना खुला झाला, तर तो हरेकृष्ण पंथ, सायंटॉलॉजी आणि मून यांच्या युनिफिकेशन चर्चलाही द्यावा लागेल, ही त्यांची चिंता. समानतेच्या तत्त्वाचा एवढा सरळ पुरावा त्याच्या समर्थकांनाही देता आला नसता. पुढे २००२ मध्ये रॉबर्टसन यांनीच स्थापन केलेल्या 'ऑपरेशन ब्लेसिंग' संस्थेला याच योजनेखालील निधीतून पाच लाख डॉलरचे अनुदान मिळाले.

कायदा मात्र होऊ शकला नाही. जुलै २००१ मध्ये प्रतिनिधिगृहाने विधेयक २३३ विरुद्ध १९८ मतांनी संमत केले, पण ते सिनेटमध्ये अडकले. त्याच महिन्यात साल्वेशन आर्मीचे एक अंतर्गत टिपण वृत्तपत्राच्या हाती लागले. समलिंगी व्यक्तींना नोकरीत संरक्षण देणाऱ्या स्थानिक नियमांतून सूट मिळावी यासाठी प्रशासनाशी चाललेल्या बोलाचालीचा त्यात उल्लेख होता. गदारोळ झाला. ऑगस्टमध्ये डायुलियो यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आलेले जिम टोवी हे मदर तेरेसा यांचे अमेरिकेतील कायदेविषयक सल्लागार होते. काँग्रेसने दिले नाही ते बुश यांनी १२ डिसेंबर २००२ च्या कार्यकारी आदेशाने घेतले. आणि या वादाला आजवर चिकटलेला दोष तेथूनच सुरू झाला. जे कायद्याने ठरत नाही, ते अध्यक्षागणिक बदलते.

कार्यालयात उपप्रमुख राहिलेले डेव्हिड कुओ यांनी २००६ मध्ये पुस्तक लिहून आरोप केला की, गरिबांसाठी जाहीर केलेला पैसा प्रत्यक्षात आलाच नाही आणि कार्यालयाचा उपयोग निवडणुकीच्या गणितासाठी झाला. आरोप करणारा स्वतः श्रद्धाळू इव्हँजेलिकल असल्याने त्याचे वजन अधिक होते.

नोकरी कोणाला?

वादाची खरी गाठ नोकरभरतीत आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास बंदी घातली, पण धार्मिक संस्थांना त्यातून सूट दिली. चर्चने आपल्या पैशातून आपल्या पंथाची माणसे नेमावीत, याला कोणाचा आक्षेप नाही. पगार सरकारी तिजोरीतून होत असेल तर? ज्यू सेवासंस्थेने ज्यू माणसे नेमलीच नाहीत, तर ती काही वर्षांत केवळ नावापुरती ज्यू उरेल, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते, ज्या करदात्याच्या पैशावर ती नोकरी निर्माण झाली, त्यालाच 'तू आमच्या धर्माचा नाहीस' असे सांगून दारातून परत पाठवायचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणूनच ते सुटत नाहीत. २००७ मध्ये न्याय खात्याने 'वर्ल्ड व्हिजन' या ख्रिस्ती संस्थेला अनुदान घेऊनही स्वधर्मीयांचीच भरती करण्याची मुभा असल्याचे मत दिले. उमेदवार असताना, जुलै २००८ मध्ये ओहायोतील झेन्सव्हिल येथे बराक ओबामा यांनी ही प्रथा बंद करण्याचे आश्वासन दिले होते. अध्यक्ष झाल्यावर कार्यालयाचे नाव बदलले. ते मत मात्र तसेच राहिले.

गरजू माणसाच्या बाजूने पाहायचे तर आयोवा राज्यातील न्यूटन तुरुंगाची हकीकत बोलकी आहे. वॉटरगेट प्रकरणात शिक्षा भोगलेले चार्ल्स कोल्सन यांच्या 'प्रिझन फेलोशिप'शी संलग्न संस्था तेथे कैद्यांसाठी बायबलवर आधारलेला सुधारणा कार्यक्रम चालवीत असे. सहभाग ऐच्छिक होता. पण त्यात भाग घेणाऱ्यांची बराक पूर्वी चांगल्या वर्तनाच्या कैद्यांसाठी राखलेली, इतर बराकींहून अधिक खासगीपणा देणारी. खर्चाचा एक भाग तंबाखू कंपन्यांकडून राज्याला मिळालेल्या भरपाईच्या निधीतून होई. जून २००६ मध्ये जिल्हा न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी हा कार्यक्रम घटनाबाह्य ठरविला आणि १५ लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २००७ मध्ये अपील न्यायालयाने घटनाबाह्यतेचा निर्णय कायम ठेवला, मात्र निकालापूर्वी मिळालेले पैसे परत करण्याचा भाग रद्द केला. त्या खंडपीठावर सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या सँड्रा डे ओकॉनर होत्या. तुरुंगात 'ऐच्छिक' या शब्दाला किती अर्थ उरतो, हा या खटल्याचा गाभा. भुकेल्यालाही तोच प्रश्न लागू पडतो.

भिंत खचते

त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाचा कल पालटत होता. २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या शालेय व्हाउचर खटल्यात, पैसा पालकांच्या निवडीने धार्मिक शाळेत जात असेल तर तो सरकारने धर्माला दिला असे होत नाही, असे न्यायालयाने पाच-चार मतांनी ठरविले. २००७ मध्ये बुश यांच्या कार्यालयाने घेतलेल्या परिषदांच्या खर्चाला आव्हान देणारा खटला त्याच फरकाने बाद झाला. कार्यपालिकेने स्वतःच्या अखत्यारीत केलेल्या खर्चाविरुद्ध केवळ करदाता म्हणून दाद मागता येत नाही, हे त्याचे कारण. खर्च योग्य की अयोग्य, हा मुद्दा निघालाच नाही. दार ठोठावण्याचा हक्कच गेला.

२०१७ पासून बाण उलट दिशेने सुटू लागले. मिसूरी राज्य जुन्या टायरांच्या रबरापासून मुलांच्या मैदानांवर मऊ आच्छादन घालण्यास अनुदान देते. कोलंबिया गावातील ट्रिनिटी ल्युथरन चर्चच्या बालवाडीचा अर्ज गुणांच्या यादीत ४४ मध्ये पाचवा होता, अनुदाने १४ होती. तरी चर्च म्हणून तो नाकारला गेला. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणाले, हाच धार्मिक भेदभाव. गुडघे फुटू नयेत म्हणून घातलेल्या रबराच्या थरापासून आरंभ झाला आणि २०२० मध्ये मोंटाना, २०२२ मध्ये मेन या राज्यांच्या खटल्यांत खासगी शाळांना मदत देणाऱ्या राज्याने धार्मिक शाळांना वगळता कामा नये, इथवर मजल गेली. पूर्वी पैसा देता येईल काय असे विचारले जाई. आता नाकारता येईल काय असे विचारावे लागते. २०२२ मध्येच 'लेमन'च्या तीन कसोट्याही न्यायालयाने सोडून दिल्या. मे २०२५ मध्ये ओक्लाहोमात कॅथॉलिक चर्चने चालवावयाच्या सरकारी खर्चाच्या चार्टर शाळेचा प्रश्न आला, तेव्हा न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट सुनावणीपासून दूर राहिल्याने मते चार-चार अशी फुटली. राज्याच्या न्यायालयाने दिलेली मनाई तेवढी टिकली. देशापुरता पायंडा पडला नाही.

दरम्यान संकटांनी आपली वाट वेगळीच काढली. २००५ च्या कतरिना वादळानंतर आसरा देणाऱ्या चर्चना खर्च परत देण्याचे केंद्रीय आपत्ती यंत्रणेने जाहीर केले. २०१८ पासून वादळात पडलेली प्रार्थनागृहे उभारण्यासही तिचे साहाय्य मिळू लागले. २०२० च्या साथीत पगार चालू ठेवण्यासाठी दिलेल्या, अटी पाळल्यास माफ होणाऱ्या कर्जांतून धर्मोपदेशकांचे पगारही भागले. मॅडिसन यांचे तीन पेन्स इतक्या शांतपणे दिले गेले, की देशात त्यावर म्हणावी तशी चर्चादेखील झाली नाही.

गरजूला पर्याय देण्याची अट मात्र अध्यक्षांबरोबर येत-जात राहिली. ओबामांनी २०१० मध्ये ती सर्व योजनांना लावली. ट्रम्प प्रशासनाने ती काढली. बायडेन प्रशासनाच्या नऊ खात्यांनी मार्च २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलून लाभार्थींना त्यांचे हक्क लेखी कळविण्याचे बंधन घातले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी व्हाइट हाऊसमध्ये पुन्हा नव्या नावाचे कार्यालय उघडून त्यावर धर्मोपदेशिका पॉला व्हाइट-केन यांना नेमले.

राजाश्रयाबरोबर मिंधेपण येते, ही जुन्या बॅप्टिस्टांची भीती २०२५ मध्ये निराळ्या रूपाने खरी ठरली. अमेरिकेत निर्वासितांचे पुनर्वसन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थांपैकी बहुतांश धार्मिक आहेत आणि त्यांचे काम मुख्यतः सरकारी पैशावर चाले. जानेवारीत ट्रम्प प्रशासनाने निर्वासितांचा प्रवेश थांबवून हा पैसा रोखला. कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिलमध्ये या कामासाठीचे केंद्र सरकारशी असलेले करार पुढे न चालविण्याचे जाहीर केले. मे महिन्यात सरकारने दक्षिण आफ्रिकेतील श्वेतवर्णीय आफ्रिकानेरांना निर्वासित म्हणून आणून त्यांच्या पुनर्वसनाचे काम एपिस्कोपल चर्चकडे सोपविले. १८११ मध्ये मॅडिसन यांनी विधेयक परत पाठविले होते ते याच पंथाचे. इतर देशांतील निर्वासित वर्षानुवर्षे छावण्यांत ताटकळत असताना या एका गटाला पुढे काढणे आपल्या तत्त्वांत बसत नाही, असे सांगून चर्चने काम नाकारले आणि जवळपास चार दशके चाललेली सरकारशी भागीदारी आर्थिक वर्षाच्या अखेरीस संपविण्याचा निर्णय कळविला.